एकच चित्र, सात यंत्रं: काळ्याचा आणि हालचालीचा माग

९ नोव्हेंबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, पुढे फाटे फुटणारच आहेत. घरगुती टीव्ही आणि प्रोजेक्टर यांच्या वेगवेगळ्या पिढ्या एका लांब खोलीत ओळीने मांडायच्या आणि सगळ्यांना एकाच वेळी एकच सिग्नल द्यायचा. बंद पडलेलं यंत्र काचेमागे ठेवलं तर लोक फक्त त्याचं लाकडी खोकं बघतात. यंत्र चालू हवं.

हाताशी आहेत ती अशी: पिक्चर ट्यूबचा टीव्ही, तीन ट्यूबांचा छताला टांगायचा प्रोजेक्टर, पहिल्या काळातला एलसीडी टीव्ही, प्लाझ्मा टीव्ही, दिव्यावर चालणारा डीएलपी (इवल्या आरशांच्या चिपचा) प्रोजेक्टर, ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारा) टीव्ही आणि भिंतीला खेटून ठेवायचा लेझर प्रोजेक्टर.

टीव्हीची नेहमीची कहाणी ‘मोठा झाला, पातळ झाला, स्पष्ट झाला’ अशी सांगतात. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. ट्यूबकडे दोन गोष्टी जन्मजात होत्या: खरं काळं आणि स्वच्छ हालचाल. आकार आणि पातळपणा यांच्यासाठी पुढच्या यंत्रांनी त्या सोडून दिल्या, आणि नंतरची तीसेक वर्षं त्या परत मिळवण्यात गेली. ओळ अशी लावायची की येणाऱ्याला हे वाचायला न लागता दिसावं.

त्यासाठी चाचणी चित्रं चारच ठेवली. आडव्या-उभ्या रेघांची जाळी. काळ्या मैदानात मधोमध छोटा पांढरा चौकोन. राखाडी पार्श्वभूमीवर सेकंदाला १००० पिक्सेल वेगाने सरकणारी उभी पांढरी पट्टी. आणि आम्हीच चित्रित केलेला रात्रीचा रस्ता, एका दिव्याचा.

१२ नोव्हेंबर

ट्यूबचा टीव्ही सुरू झाला. सुरू होताना ‘ठ्ठूं’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थरथरतं, तो डिगॉस कॉइलचा. पडद्यामागच्या धातूच्या जाळीत साठलेलं चुंबकत्व ती घालवते, नाहीतर कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडतात.

ट्यूबचं काम करणारे काका मागचं झाकण उघडताना कोणालाही जवळ फिरकू देत नाहीत. आत २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काचेत टिकून राहतो. ‘आधी डिस्चार्ज, मग गप्पा,’ एवढंच ते बोलले.

रंगीत ट्यूबमधली एक उधळपट्टी फार कमी लोकांना माहीत असते. तीन इलेक्ट्रॉन गन, त्यांच्यासमोर बारीक भोकांची जाळी, आणि जाळीपलीकडे लाल-हिरव्या-निळ्या फॉस्फरचे, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणाऱ्या लेपाचे, ठिपके. प्रत्येक गनचे इलेक्ट्रॉन फक्त आपापल्या ठिपक्यावर पडावेत म्हणून जाळी हवी. पण बहुतेक इलेक्ट्रॉन त्या जाळीवरच आदळून वाया जातात. सोनीने १९६८ मध्ये आणलेल्या ट्रिनिट्रॉनमध्ये जाळीऐवजी उभ्या ताणलेल्या तारा होत्या, म्हणून तिथे जास्त इलेक्ट्रॉन आरपार जायचे. आमचा सेट त्याच जातीचा आहे. पांढऱ्या चित्रात नीट पाहिलं की एक पुसट आडवी रेघ दिसते. तारा थरथरू नयेत म्हणून त्यांना आडवा बांधलेल्या तारेची ती सावली. बघायला येणारा प्रत्येक जण विचारणार, तेव्हा पाटीवर लिहून टाकू.

खोलीतले दिवे घालवून काळं मैदान लावलं. पडदा गायब. गन बंद, म्हणजे उजेड नाही. हिशोब इतका सरळ. मधला पांढरा चौकोन लावला की मात्र त्याच्याभोवती धुरकट वलय येतं, कारण जाड काचेत उजेड इकडेतिकडे परावर्तित होतो. ट्यूबचं कौतुक करणारे हे वलय सोयीस्करपणे विसरतात. पाटीवर तेही येईल.

सरकणारी पट्टी मात्र सुरीसारखी धारदार. फॉस्फरचा ठिपका इलेक्ट्रॉनांचा झोत लागताक्षणी चमकतो आणि मिलिसेकंदाच्या आसपास मावळतो. उरलेला वेळ तो अंधारात असतो. डोळा पट्टीच्या मागे फिरतो तेव्हा पुसट व्हायला तिथे काही शिल्लकच नसतं.

हातासरशी काचेचं गणित केलं. २९ इंची ट्यूबच्या पुढच्या काचेवर हवेचा भार दोन टनांहून जास्त पडतो, कारण आत निर्वात असते. म्हणून काच जाड, म्हणून वजन. १९८९ मध्ये सोनीने ४३ इंची ट्यूब काढली, तिचा सेट २०० किलोच्या घरात होता. ट्यूब यापुढे वाढणार नव्हती हे तिथेच ठरलं.

१४ नोव्हेंबर

मदतीला आलेल्या दोन मुलांनी खोलीत शिरताच विचारलं, ‘ही शिट्टी कसली?’ काकांना आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेषा आखल्या जातात आणि ट्यूबचा उच्च दाब तयार करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर त्याच कंपनसंख्येवर किणकिणतो. वय वाढलं की कान ती सोडून देतात.

१९ नोव्हेंबर

सिग्नल वाटायचं काम. एका कॉम्प्युटरमधून एचडीएमआय, तिथून स्प्लिटर (एका सिग्नलच्या अनेक प्रती काढणारा डबा), आणि जुन्या यंत्रांच्या आधी रूपांतर करणारे डबे. ट्यूबला ५७६ रेषांचं इंटरलेस्ड चित्र लागतं: आधी विषम रेषा, मग सम. अर्ध्या माहितीत पूर्ण चित्राचा भास करून देण्याची ही युक्ती, आणि ती ट्यूबवरच शोभते. सपाट पॅनेलला दोन्ही अर्धे जुळवून एक सबंध चित्र बनवावं लागतं, आणि हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात.

सगळी यंत्रं एकत्र लावली तेव्हा एक गंमत समोर आली: पट्टी कुठेच एकाच वेळी धावत नाही. ट्यूबवर सिग्नल पोचला की लगेच चित्र. बाकीचे आधी फ्रेम साठवतात, मोजमाप बदलतात, रंग सुधारतात, मग दाखवतात. ‘गेम मोड’ लावला की यातली बरीच कामं बंद पडतात आणि पट्ट्या जवळपास एका ओळीत येतात. सेटिंगचं नाव खेळाचं असलं तरी तो मुळात ‘मध्ये लुडबुड करू नकोस’ मोड आहे.

ओएलईडी टीव्हीने चाचणीच्या जाळीच्या चारही कडा कापल्या. कारण ओव्हरस्कॅन. ट्यूबच्या काळात कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून चित्र थोडं मोठं करून त्या चौकटीआड लपवायचे. पिक्सेल मोजून ठेवलेल्या पॅनेलला याची काडीचीही गरज नाही, तरी कित्येक सेट आजही पेटीतून तसेच निघतात. सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं.

ट्यूबचा असाच वारसा सिग्नलमध्येही आहे. गनला दिलेलं व्होल्टेज दुप्पट केलं तर उजेड दुप्पट होत नाही, कितीतरी जास्त वाढतो. प्रक्षेपण करणाऱ्यांनी सुरुवातीपासून सिग्नल उलटा वाकवून पाठवला, म्हणजे ट्यूबवर तो सरळ व्हावा. ट्यूब गेल्या, पण साध्या एचडी चित्रासाठी २०११ मध्ये जे मानक लिहिलं गेलं, त्यातही २.४ घाताचा तोच वाक कायम आहे. ओएलईडी पॅनेल आपल्या चिपमध्ये बसून ट्यूबची नक्कल करतं.

२४ नोव्हेंबर

तीन ट्यूबांचा प्रोजेक्टर छताला चढवला. एकाला जमणारं काम नाही.

२६ नोव्हेंबर

कन्व्हर्जन्स, म्हणजे तीन रंगांची चित्रं एकावर एक जुळवणं. आजचा सबंध दिवस यातच गेला आणि उद्याचाही जाईल.

या यंत्रात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वेगळ्या ट्यूबा, प्रत्येकीला आपली भिंग. तिन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक बरोबर बसली तरच रंग जुळतात. मधली हिरवी सरळ समोर बघते. लाल आणि निळी बाजूला असल्याने त्यांची चित्रं तिरकी, एका कडेला फुगलेली पडतात. म्हणून आधी हिरव्याची जाळी सरळ करायची: उंची, रुंदी, कडांची कमान, पिनकुशन (कडा आत दबणं). मग लाल जाळी तिच्यावर आणायची, आधी मध्यभागी, मग कडांना, मग कोपऱ्यांत. कोपरा दुरुस्त केला की मध्य हलतो. मग तेच निळ्याचं. शेवटी पांढरी जाळी दिसली पाहिजे, कुठेही रंगीत कडा नको.

आणि हे सगळं यंत्र तापल्यावरच. थंड असताना जुळवलेलं अर्ध्या तासात सरकतं. काका पाऊण तास काहीही न करता नुसते बसून राहिले, तेव्हा मदतीची मुलं चुळबुळ करायला लागली. ‘त्याला घाम फुटू दे आधी,’ काका म्हणाले.

निळी ट्यूब त्यांनी मुद्दाम किंचित फोकसबाहेर ठेवली. निळ्या फॉस्फरवर झोत एका बिंदूत एकवटला तर तो लवकर थकतो, उजेड वाढेनासा होतो. झोत थोडा पसरवला की जास्त निळा मिळतो. डोळ्याला निळ्यातला बारकावा तसाही कमी कळतो, त्यामुळे चित्र बिघडत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, हाताने होताना पहिल्यांदा पाहिलं.

२७ नोव्हेंबर

जाळी जुळली. दिवे घालवून रात्रीचा रस्ता लावला आणि खोलीत कोणी काही बोललंच नाही. शंभर इंचांवर ट्यूबचं काळं. घरात मोठा पडदा ही कल्पना हेन्री क्लॉस यांच्या अ‍ॅडव्हेंट कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशाच तीन ट्यूबा आणि सात फुटी वक्र पडदा वापरून विकायला काढली होती. पुढची पाव शतकभर हाच मार्ग राहिला.

त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. असा प्रोजेक्टर २०० ल्युमेनच्या (यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) आसपास देतो. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. म्हणजे पडद्यावर सुमारे २३ निट (पडद्याच्या उजळपणाचं माप). साध्या ट्यूब टीव्हीच्या चौथाईलाही लागत नाही. खिडकीचा पडदा वाऱ्याने हलला तरी चित्र फिकं पडतं.

४ डिसेंबर

पाठीमागून फेकणारा टीव्ही (मोठं कपाट, आत तीन ट्यूबा आणि तिरका आरसा) ओळीत घ्यावा का यावर वाद झाला. मी नाही म्हटलं. तत्त्व वरच्या प्रोजेक्टरचंच आहे आणि जागा चौघांची अडवतो. मित्सुबिशीने २०१२ च्या अखेरीस हे सेट बनवणं थांबवलं, तिथे ती जात संपली. पाटीवर दोन ओळी पुरेत.

७ डिसेंबर

एलसीडी. द्रवस्फटिकांचा पडदा आरसीए या अमेरिकी कंपनीमध्ये जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने १९६८ मध्ये दाखवला, पण प्रत्येक पिक्सेलमागे एक ट्रान्झिस्टर बसवण्याची विद्या पक्की व्हायला वेळ गेला. शार्पने १४ इंची रंगीत पॅनेल दाखवलं ते १९८८ मध्ये.

आमचा सेट फ्लुओरेसंट नळ्यांचा आहे. काळं मैदान लावलं तर समोर राखाडी-निळसर आयत. कारण इथे उजेड सतत पेटलेलाच असतो. स्फटिक फक्त झडप लावतात आणि झडप गळकी असते. पॅनेलच्या दोन जाती, आयपीएस आणि व्हीए. चांगल्या आयपीएसची गळती हजारात एक, व्हीएची तीन-पाच हजारांत एक. बाजूने पाहिलं तर आणखी.

पट्टी तर बघवत नाही. लोक म्हणतात स्फटिक हळू वळतात म्हणून. तेवढंच असतं तर वेगवान पॅनेल आल्यावर प्रश्न मिटला असता. खरं कारण वेगळं आहे: हा पिक्सेल पूर्ण फ्रेमभर पेटून राहतो. ५० हर्ट्‌झला एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. डोळा पट्टीबरोबर सलग सरकत असतो, चित्र मात्र त्या २० मिलिसेकंदांत जागचं हलत नाही. सेकंदाला १००० पिक्सेल वेग म्हणजे २० पिक्सेलचा पुसटपणा, आणि तो पडद्यावर नसून डोळ्यात तयार होतो. कॅमेरा जागेवर ठेवून फोटो काढला तर पट्टी बऱ्यापैकी स्वच्छ येते. रुळावर सरकवत, पट्टीच्या वेगाने नेत काढला तर अगदी डोळ्याला दिसते तशी धूसर. ओळीतला हा प्रयोग मला सगळ्यात आवडला. रूळ कायमचा ठेवणार आहे.

मधल्या फ्रेम बनवून भरणारी सेटिंग यावरचाच उपाय. पुसटपणा कमी होतो, पण सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा स्टुडिओत शूट केलेल्या मालिकेसारखा दिसायला लागतो. मी बंद ठेवतो. मदतीच्या मुलांना चालू आवडतं.

१२ डिसेंबर

प्लाझ्मा. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी शिकवण्याच्या कॉम्प्युटरसाठी हा पडदा बनवला तेव्हा तो नारिंगी एकरंगी होता. रंगीत, ४२ इंची, ८५२×४८० पिक्सेलचे घरगुती सेट १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, आणि भिंतीवर टांगायचा टीव्ही ही गोष्ट लोकांनी पहिल्यांदा खरी झालेली पाहिली ती प्लाझ्मामुळे.

प्रत्येक पिक्सेल म्हणजे वायूची इवली कोठडी. विद्युतभाराने वायू पेटतो, अतिनील किरण निघतात, फॉस्फर उजळतं. कोठडी एकतर पेटते नाहीतर नाही, मधलं काही तिला येत नाही. म्हणून एका फ्रेमचे दहा-बारा उपभाग करून कमी-जास्त वेळा पेटवायची. चित्र अशा ठिणग्यांनी बनत असल्याने हालचाल ट्यूबच्या जवळ जाते. आमच्या सेटवर पट्टीच्या मागे थोडी पिवळट-हिरवी शेपटी आहे, एवढंच.

काळं मैदान एलसीडीपेक्षा खूप खोल, पण पूर्ण नाही: कोठड्या पुढच्या वेळी पेटायला तयार ठेवायला थोडा भार सतत द्यावा लागतो, त्याची हलकी झाक उरते. पायोनियरच्या कुरो मालिकेने २००८ पर्यंत ही झाक इतकी कमी केली की चित्राचे शौकीन आजही ते सेट जपून ठेवतात. पण पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीतून बाहेर पडायचं जाहीर केलं आणि पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं. विजेची भूक, ४के साठी कोठड्या आणखी बारीक करण्याची अडचण, आणि एलसीडीच्या कारखान्यांचा प्रचंड आवाका. शिवाय झगझगीत शोरूममध्ये काळं कोणालाच दिसत नाही. तिथे जो जास्त उजळ तो जिंकतो. प्लाझ्मा मला वाटतं मुख्यतः शोरूममध्ये हरला.

१५ डिसेंबर

डीएलपी प्रोजेक्टर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये बनवलेली चिप: प्रत्येक पिक्सेलला एक आरसा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान, आणि तो दहा-बारा अंश इकडे नाहीतर तिकडे कलतो. इकडे कलला की उजेड भिंगातून पडद्यावर, तिकडे कलला की आतल्या आत जिरतो. राखाडी छटा हव्यात म्हणून सेकंदात हजारो वेळा कलायचं.

चिप एकच, त्यामुळे रंग एकामागून एक. दिव्यासमोर लाल-हिरव्या-निळ्या काचांचं चाक फिरतं; आमच्यात फ्रेममागे दोनदा, म्हणजे मिनिटाला ६,००० फेरे. काळ्या मैदानातल्या पांढऱ्या चौकोनावरून नजर झटकन फिरवली की इंद्रधनुष्याची रेघ उमटते. मला प्रत्येक वेळी दिसते, काकांना सांगूनही दिसली नाही.

दिवा उच्च दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा. आतला दाब वातावरणाच्या दोनशे पट असू शकतो. पंखा थांबायच्या आत प्लग काढायचा नाही. लाल अक्षरांत.

२१ डिसेंबर

ओएलईडी. कोडॅकमध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये पहिला कामाचा नमुना प्रसिद्ध केला (तेच वर्ष, डीएलपीचं). सोनीचा ११ इंची सेट २००७ मध्ये, आणि ५५ इंची सेट २०१३ च्या सुमारास.

काळं मैदान: पडदा गायब. चौकोन लावला: भोवती वलय नाही. इथे ट्यूबवरही मात केली. मधल्या काळात एलसीडीनेही मागच्या उजेडाचे शेकडो-हजारो तुकडे करून ते वेगवेगळे मंद करायला सुरुवात केली, पण चौकोनाभोवती त्याची एक अस्पष्ट पेटी दिसतेच.

पट्टी? पुन्हा धूसर. पिक्सेल क्षणार्धात बदलतो, तरी फ्रेमभर पेटून राहतो, तेव्हा तेच २० पिक्सेल. मेनूत फ्रेमच्या मध्ये काळी चौकट घुसवायची सोय आहे. ती लावली: धूसरपणा निम्मा, उजेड निम्मा, आणि ५० हर्ट्‌झची लुकलुक डोळ्यांना टोचणारी. ट्यूबच्या ज्या लुकलुकीबद्दल लोकांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली, ती आता आपण मेनूत शोधून चालू करतो.

२८ डिसेंबर

लेझर प्रोजेक्टर, भिंतीपासून वीतभर अंतरावर. निळा लेझर पिवळ्या फॉस्फरच्या चाकावर पडतो आणि त्यातून बाकीचे रंग निघतात. दिवा काही हजार तासांत संपायचा. लेझर अर्ध्या उजेडावर यायला २०,००० तासांच्या आसपास सांगतात.

प्रोजेक्टरला काळं फेकता येत नाही. खोलीत जितका उजेड, तितकंच उजळ काळं. १,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर १०० इंची पांढऱ्या पडद्यावर ११५ निट देतो. खोलीत फक्त ५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असला तर काळ्याची जागा १६ निटवर जाते. म्हणजे यंत्राच्या खोक्यावर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण लाखाला एक लिहिलेलं असलं तरी समोर आठाला एक. तीन ट्यूबांच्या यंत्राचं याच उजेडात अडीचला एकसुद्धा उरत नाही.

म्हणून या पिढीत खरा शोध पडद्यात झाला. आमच्या पडद्यावर बारीक आडवे दात आहेत: खालून येणारा प्रोजेक्टरचा उजेड बघणाऱ्याकडे वळतो, वरून पडणारा छताचा उजेड काळ्या बाजूंवर जिरतो. अर्धा पडदा पांढरा आणि अर्धा हा असा लावून ठेवला. वरचा दिवा पेटवला की फरक सांगावा लागत नाही.

३ जानेवारी

अंतराच्या खुणा जमिनीवर आखल्या. सर्वसाधारण डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकं बारीक वेगळं दिसतं असं धरलं तर ५५ इंची एचडी पडद्याचे पिक्सेल २.२ मीटरपलीकडून दिसेनासे होतात, ४के चे १.१ मीटरपलीकडून. १०० इंचीसाठी तेच आकडे ४ आणि २ मीटर. सोफा अडीच मीटरवर असेल तर ५५ इंचीवर ४के चा बहुतांश पैसा वाया, १०० इंचीवर वसूल.

लेझर प्रोजेक्टरच्या चिपवर आरसे १९२०×१०८० च आहेत. एका फ्रेममध्ये चित्र चार वेळा अर्धा-अर्धा पिक्सेल सरकवून ते ४के चे ठिपके भरतात. जाळीच्या रेघा बघताना मला यात काही खोट सापडली नाही.

८ जानेवारी

एचडीआर, म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप गडद भाग दाखवणारी पद्धत. २०१४ मध्ये मानक झालेला सिग्नलचा नवा वाक ट्यूबवर बेतलेला नाही, डोळ्यावर बेतला आहे, आणि १०,००० निटपर्यंत जातो. रात्रीचा रस्ता आम्ही त्यातही तयार केला. ओएलईडीवर रस्त्यावरचा दिवा बघताना डोळे बारीक होतात; ११५ निटच्या प्रोजेक्टरला तोच सिग्नल दाबून बसवावा लागतो, आणि दाबणं कसं हे प्रत्येक यंत्र आपल्या मर्जीने ठरवतं. सातही यंत्रांसाठी साधंच चित्र ठेवलं. एचडीआर फक्त शेवटच्या टोकाला.

११ जानेवारी

मांडणी पक्की. कालक्रम सोडला. ट्यूब आणि ओएलईडी शेजारी शेजारी, कारण काळं बघायला हीच जोडी लागते. एलसीडी आणि प्लाझ्मा रुळाच्या दोन बाजूंना, हालचालीसाठी. तीन प्रोजेक्टर मागच्या अंधाऱ्या भागात, लेझरच्या वरचा दिवा सोडून.

सुरू करायचा क्रम दारामागे लावला: तीन ट्यूबांचा प्रोजेक्टर उघडण्याच्या तासभर आधी, मग दिव्याचा, मग बाकीचे. बंद करताना दिव्याचा सगळ्यात आधी, म्हणजे त्याचा पंखा थांबेपर्यंत बाकीची आवराआवर होते. प्लाझ्मावर स्थिर जाळी पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही. काका दर आठवड्याला येऊन लाल ट्यूबचा कोपरा बघणार आहेत. वरचा डावा अजून केसभर सरकतो.